प्लेटलेट कमी आल्या तर आधी स्लाइड पाहा

प्रश्न : मॅडम, मी २३ वर्षांची आहे. डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) करून डोंबिवलीतल्या एका छोट्या लॅबमध्ये काम करते. आमचे पॅथॉलॉजिस्ट डॉक्टर क्वचितच येतात. त्यांची सही कॉम्प्युटरमध्ये आहे, ती लावून आम्हीच रिपोर्ट सोडतो. मालक म्हणतात, सगळीकडे असंच चालतं. शिवाय आता सगळं मशीनच करतं. मग माझं पुढे काय?

उत्तर : सगळीकडे असं चालत नाही, आणि जिथे चालतं तिथे ते चूकच आहे. लॅबच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सांगितलं आहे. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिलाच नसेल तर त्या सहीला अर्थ काय? डॉक्टरांशी स्वतः फोनवर बोल. आपल्या नावावर काय काय बाहेर जातंय, हे त्यांनाही कळू दे. त्यांनी मनावर घेतलं नाही तर दुसरीकडे अर्ज करायला लाग. पगार थोडा कमी मिळाला तरी चालेल, पण एनएबीएलची (लॅबचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता असलेली लॅब बघ. तिथे शिकायला मिळतं.

आता मशीनचं. पावसाळा लागला की मुंबईत डेंग्यूची धास्ती असते, तापाच्या पेशंटला लगेच सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, सांगतात. समजा, सेल काउंटरने, म्हणजे पेशी मोजणाऱ्या मशीनने, प्लेटलेट २२,००० म्हणजे फारच कमी दाखवल्या. पेशंट मात्र चालत आलेला, अंगावर एक लाल ठिपका नाही. रिपोर्ट तसाच गेला तर नातेवाईक रात्री प्लेटलेटच्या पिशवीसाठी रक्तपेढ्या पालथ्या घालतील. म्हणून आधी ट्यूब हळूच तिरकी करून गुठळी झाली आहे का ते बघ. मग काचेवर रक्ताचा पातळ थर, म्हणजे स्मिअर, काढ, लेशमनच्या रंगाने रंगव आणि स्मिअर जिथे विरळ होत संपतो ती कड नीट बघ. कधी कधी तिथे प्लेटलेटचे घोसच्या घोस सापडतात. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये ईडीटीए हे रक्त गोठू न देणारं रसायन असतं, त्याने काही जणांच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि असा घोस मशीन प्लेटलेट म्हणून मोजत नाही. पेशंटचं रक्त निळ्या झाकणाच्या सायट्रेट ट्यूबमध्ये पुन्हा घेतलं की बहुतेकदा खरा काउंट हाती येतो. सायट्रेटचं द्रावण मिसळल्याने नमुना थोडा विरळ होतो, म्हणून आलेल्या आकड्याला १.१ ने गुणायचं.

असंच पोटॅशियमचं. पोटॅशियम भलतंच वर आणि कॅल्शियम भलतंच खाली, असं जोडीने आलं तर रक्त घेणाऱ्याला विचार, जांभळ्या ट्यूबमधलं रक्त दुसरीत ओतलंस का? ईडीटीए पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात असतं आणि ते कॅल्शियमला धरून ठेवतं. हे ज्याच्या डोक्यात पक्कं आहे, तो टेक्निशियन मला माझ्या लॅबमध्ये कधीही हवा असेल.

सकाळी मशीन तपासायला कंट्रोल (आधीच मूल्य माहीत असलेला नमुना) लावल्यावर त्याच्या आकड्यांचा आलेख, म्हणजे लेव्ही-जेनिंग्ज चार्ट, नुसता फाइलला लावू नकोस, वाचायला शीक. त्यातला कोणता आकडा नाकारायचा हे सांगणारे वेस्टगार्डचे नियम समजून घे. पुढे जमेल तसं बीएस्सी एमएलटी कर. ज्यांना क्यूसी (गुणवत्ता नियंत्रण) आणि आयएसओ १५१८९ या लॅबच्या दर्जाच्या आंतरराष्ट्रीय मानकाची कागदपत्रं सांभाळता येतात, त्यांना क्वालिटी विभागात वर जाता येतं. २०२१ च्या कायद्याने तुमचा व्यवसाय राष्ट्रीय आयोगाच्या कक्षेत आला आहे, तेव्हा डिप्लोमाचे सगळे मूळ कागद जपून ठेव.

प्रश्न : मुलीने एमडीला पॅथॉलॉजी घेतलं. नातेवाईक म्हणतात, पेशंट न तपासणारी डॉक्टर कसली? तिलाही आता ते लागतंय. — एक वडील, गिरगाव

उत्तर : नातेवाइकांना सांगा, ऑपरेशन चालू असताना गाठीचा तुकडा लॅबमध्ये येतो, तो गोठवून, कापून, रंगवून काही मिनिटांत बघायचा असतो. सर्जन हात थांबवून उभा असतो. गाठ कॅन्सरची आहे का, कापलेली कड कॅन्सरपासून स्वच्छ आहे का, हे तुमची मुलगी सांगणार. गाठीत सुई घालून तपासायला पेशी काढताना, म्हणजे एफएनएसी करताना, तर पेशंट तिच्यासमोरच असतो.

आणि मुलीला बॉम्बे ब्लड ग्रुपची आठवण करून द्या. १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी आपल्या मुंबईतच तो शोधला. नेहमीच्या तपासणीत हे रक्त 'ओ' वाटतं, पण त्या माणसाला 'ओ' रक्तही चालत नाही, कारण 'ओ' पेशींवर असणारं एच अँटिजेन (पेशीची एक खूण) त्याच्या पेशींवर नसतंच, आणि त्याचं रक्त त्या खुणेवर हल्ला करतं. त्याचा सीरम (रक्तातला पेशींविना उरणारा द्रव) 'ओ' पेशींशी लावून पाहिला की ते उघडं पडतं. रक्तपेढीत ती एक पायरी गाळली तर पेशंटच्या जिवावर बेतू शकतं. मला तरी याहून जबाबदारीची डॉक्टरकी माहीत नाही. तिला मनापासून शिकू द्या.

प्रश्न : स्लाइड स्कॅन करून वाचणारं एआय आलं. आम्हा रेसिडेंटना काम उरेल का?

उत्तर : उरेल. मायटोसिस (विभाजन होत असलेल्या पेशी) मोजणं, केआय-६७ या पेशी वाढीच्या खुणेची टक्केवारी काढणं अशा डोळे शिणवणाऱ्या कामात ते सॉफ्टवेअर जरूर वापरा, मीही त्याच्या बाजूची आहे. पण ऑपरेशनने काढलेल्या स्तनाच्या स्पेसिमेनमधून कोणता तुकडा घ्यायचा, कोणत्या कडेला शाई लावायची, हे ग्रॉसिंगच्या, म्हणजे स्पेसिमेन डोळ्यांनी बघून कापण्याच्या, टेबलावर हातानेच ठरतं, आणि तिथे गाठ सुटली तर ती स्लाइडवर येणारच नाही. पहिल्या वर्षी ग्रॉसिंगची पाळी कोणाला देऊन टाकू नका.