केंद्र आमच्याच गल्लीत का?

(एकाच विषयावरची तीन पत्रं. उत्तरं देणाऱ्या परिचारिकेनं व्यसनोपचार केंद्राच्या औषध-खिडकीवर अनेक वर्षं काम केलं आहे.)

प्रश्न : ताई, आमच्या घरापासून चार इमारती सोडून एक दुमजली इमारत बरेच दिवस रिकामी पडून आहे. तिथं गर्द घेणाऱ्यांसाठी उपचार केंद्र निघणार, अशी नोटीस लागली आहे. रोज औषध देणार, आणि तेही म्हणे अफूच्याच जातीचं. माझी मुलगी दहा वर्षांची आहे. तिची शाळेची वाट त्याच दारावरून जाते. विरोधाच्या पत्रावर जवळजवळ सगळ्यांच्या सह्या झाल्या, माझी तेवढी राहिली आहे. सही नाही केली तर शेजारी तोंड फिरवतील. केली तर आपण कुणाचं तरी औषध तोडलं, ही टोचणी लागेल. काय करू?
— एक आई

उत्तर : सही करू नका. माझा कल आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तो तुमच्या लक्षात राहील. पण गप्पही बसू नका. तुमची भीती पोकळ नाही. तिच्यातल्या काही गोष्टींचा जाब केंद्र चालवणाऱ्यांना विचारायलाच हवा.

आधी औषधाचं बघू. गर्द म्हणजे हेरॉइन. त्याचा अंमल काही तासांत उतरतो आणि मग टर्की, म्हणजे नशा न मिळाल्याचा त्रास, सुरू होते. नाक-डोळे गळतात, हाडं ठणकतात, पोटात पिळवटून येतं, जुलाब होतात, झोप उडते. या अवस्थेतल्या माणसाचा अख्खा दिवस पुढच्या पुडीचे पैसे उभे करण्यात जातो. तुम्हाला ज्या चोऱ्यांची धास्ती आहे, त्या बहुतेक इथून निघतात. केंद्रात देतात त्या मेथाडोन या औषधाचा एक डोस तोंडानं घेतला की दिवसभर टर्की लागत नाही, आणि डोस नीट बसलेला असेल तर नशाही चढत नाही. न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट डोल आणि मारी निस्वांडर या दोन डॉक्टरांनी १९६५ साली २२ रुग्णांवरचा अनुभव प्रसिद्ध केला, तिथून या उपचाराची वाट मोकळी झाली. २००५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं मेथाडोन आणि त्याच कामाचं ब्युप्रेनॉर्फिन ही दोन्ही औषधं आवश्यक औषधांच्या यादीत घातली. म्हणजे ‘अफूच्या जातीचं’ हे तुम्ही ऐकलंत ते बरोबरच आहे. फरक आहे तो त्यानं माणसाचा दिवस कसा जातो, यात.

आता खिडकीवर प्रत्यक्षात काय होतं ते सांगते, कारण त्याबद्दलच्या कल्पना फार भयंकर असतात. रुग्ण येतो, नाव सांगतो, ओळखपत्र दाखवतो. मी आधी त्याचा चेहरा बघायची. डोळे पेंगुळलेले असतील किंवा तोंडाला दारूचा वास असेल, तर डोस थांबवून डॉक्टरांना बोलवायचं. सगळं ठीक असेल तर औषध माझ्यासमोर प्यायचं, वर पाणी प्यायचं आणि मग माझ्याशी दोन वाक्यं बोलायचं. औषध गालात धरून बाहेर विकायला नेणाऱ्याला ती दोन वाक्यं नीट बोलता येत नाहीत. ब्युप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली विरघळायला पाच-दहा मिनिटं लागतात. तोवर समोर बसायचं आणि जाताना तोंड उघडून दाखवायचं. सर्वांत जास्त गर्दी कामावर जायच्या आधीच्या तासात. ‘सिस्टर, लवकर करा, उशीर झाला तर पगार कापतील,’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आजही कानात आहे. या माणसांना तुमच्या गल्लीत रेंगाळायला वेळ नसतो.

गुन्ह्यांचं म्हणाल, तर अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराचा एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. संशोधकांनी उपचार केंद्रांच्या आसपासचे हिंसक गुन्हे मोजून इतर ठिकाणांशी ताडून पाहिले. दारूच्या आणि नाक्यावरच्या लहान दुकानांच्या आसपास ते केंद्रांपेक्षा जास्त निघाले.

पण हे झालं सरासरीचं. वाईट चालवलेलं एक केंद्र अख्ख्या रस्त्याला त्रास देऊ शकतं, आणि तसं होताना मी पाहिलं आहे. दार थेट फुटपाथवर, खिडकी उघडायची वेळ आठची पण उघडते पावणेनऊला, तोवर तीस-चाळीस माणसं बाहेर ताटकळत. कामाची वेळ टळत चाललेली, अंगात टर्कीची सुरुवात. आणि गिऱ्हाइकं कुठं सापडतील हे विकणाऱ्यांना कुणी सांगावं लागत नाही, ते तिथं येऊन उभे राहतात. ही चूक रुग्णांची नाही, कारभाराची आहे. ती टाळता येते, म्हणून केंद्रावरून बैठक होईल तेव्हा तुमचे प्रश्न यांवर हवेत : थांबायची जागा आत आहे का, आणि ती किती जणांना पुरेल? औषधाच्या वेळा शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळांना टाळून आहेत का? दाराबाहेर केंद्राचा माणूस उभा असेल का? केंद्र बंद असताना तक्रार आली तर कुणाचा फोन वाजेल? उत्तरं लेखी मागा. एक प्रश्न सहसा कुणी विचारत नाही, तो मात्र आई म्हणून तुम्ही जरूर विचारा : घरी न्यायचे डोस कुणाला मिळणार, आणि ते घरात कुलुपाच्या पेटीत राहतील याची खात्री कशी करणार? मोठ्या माणसाचा एका दिवसाचा मेथाडोनचा डोस लहान मुलाचा जीव घेऊ शकतो. चांगल्या केंद्रात हे पहिल्याच दिवशी बजावतात, आणि माणूस स्थिरावल्याशिवाय घरी डोस देत नाहीत.

आणि ती टोचणी. ती लागते हे बरंच आहे. सव्वा लाखाच्या आसपास रुग्णांची माहिती एकत्र करून २०१७ मध्ये एक मोठा अभ्यास छापून आला. मेथाडोन चालू असलेल्या हजार माणसांमागे वर्षाला साधारण ११ मृत्यू, औषध सुटलेल्या हजारांमागे ३६. औषध सुटलं की शरीराची सवय उतरते, पण तल्लफ उतरत नाही. माणूस जुन्याच मापानं घेतो, श्वास मंदावत जातो आणि थांबतो. तुमच्या गल्लीतल्या केंद्रात येणारी माणसं दुरून आणलेली नसतील. ती आजही आसपासच राहतात, फक्त सध्या त्यांच्या हातात पुडी आहे.

प्रश्न : आमच्या रहिवासी समितीचं म्हणणं सरळ आहे. उपचाराला विरोध नाही, पण केंद्र वस्तीबाहेर न्यावं. इथं झालं तर घरांच्या किमती पडतील. आयुष्यभराची कमाई या घरात घातलेल्यांनी काय करायचं?
— समितीचे एक सदस्य

उत्तर : तुमच्या दुसऱ्या मुद्द्याला मी हसणार नाही. निवृत्त माणसासाठी घर हीच ठेव असते. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याच्या मध्य भागातल्या एका अभ्यासात केंद्रांजवळच्या घरांच्या किमती सुमारे ८ टक्क्यांनी कमी दिसल्या. तिथल्याच सिअॅटल शहरातल्या नंतरच्या अभ्यासात, किमती मुळातच कमी असलेल्या भागांत केंद्रं निघतात हे लक्षात घेतल्यावर, तसा परिणाम आढळला नाही. म्हणजे ‘पडणारच’ हेही खरं नाही आणि ‘पडूच शकत नाहीत’ असं सांगणाऱ्यावरही विश्वास ठेवू नका. गल्लीची कळा राहील की जाईल, हे बरंचसं केंद्राच्या कारभारावर ठरेल. तो हातात ठेवायचा तर रहिवाशांचे दोन प्रतिनिधी केंद्राच्या सल्लागार मंडळावर मागा, आणि दर तीन महिन्यांनी बैठक ठरवून घ्या.

वस्तीबाहेर मात्र नको. हा उपचार रोजचा आहे. मधुमेहाच्या रुग्णाला रोज सकाळी इन्सुलिनसाठी दोन वाहनं बदलून शहराबाहेर जायला सांगितलं, तर किती दिवस जाईल? आमचं केंद्र जेव्हा लांब हलवलं, तेव्हा सगळ्यात आधी गळले ते ज्यांचं बरं चाललं होतं ते. कारण त्यांना नोकऱ्या होत्या. त्यातल्या एकाची आई नंतर त्याचं औषधाचं कार्ड परत द्यायला आली होती. ते मी कुठे ठेवू, हे मला कळेना.

प्रश्न : मी दोन वर्षं मेथाडोनवर आहे. गर्द पूर्ण बंद, नोकरी टिकून आहे. आमच्या भागात नव्या केंद्रावरून बैठक आहे. तिथं जे बोललं जाणार ते मला माहीत आहे. उठून उभं राहावं आणि ‘मीच तो’ म्हणावं असं फार वाटतं. घरमालकाला काहीच माहीत नाही.
— नाव नको

उत्तर : तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुला तू म्हणते, चालेल ना?

तू उभा राहिलास तर त्या खोलीत सगळ्यात मोलाचं बोलणं तुझं असेल. आकडे ऐकून माणसं फारशी हलत नाहीत. रोज जिन्यात भेटणारा मुलगा बोलला तर हलतात. पण तुझं घर, तुझी नोकरी पणाला लावून लोकांना शहाणं करण्याची जबाबदारी तुझी नाही. ती डॉक्टरांची आहे, केंद्राची आहे, माझ्यासारख्यांची आहे. एकदा सांगितलेलं परत घेता येत नाही, आणि घरमालक उद्या कसा वागेल हे आज तुला ठाऊक नाही.

मधली वाट आहे. चार ओळी लिहून समुपदेशकाकडे दे, तुझं नाव न घेता ते वाचून दाखवतील. किंवा घरचं कुणी तयार असेल तर त्यांना बोलू दे. बहिणीनं, बायकोनं, वडिलांनी बोललेलं लोक निमूट ऐकतात. तरीही स्वतःच बोलायचं ठरवलंस, तर आधी घरमालकाला एकट्यात गाठून सांग, म्हणजे त्याला ते गर्दीत कळणार नाही. आणि सोबत कुणीतरी ने. तिथं लागेल असं बोललं जाईल, आणि तशा संध्याकाळी एकट्यानं घरी परतणं तुझ्यासाठी बरं नाही. समुपदेशकाचा नंबर हाताशी ठेव. बैठक सकाळची असेल तर आधी डोस घे, मग जा.