स्काउटच्या मुलांना पहिल्यांदा रानातल्या कॅम्पला कुठे न्यावं?

बारा-तेरा वर्षांची पोरं पहिल्यांदाच न्यायची असतील तर माझं सरळ उत्तर लोणावळ्याजवळचा राजमाची किल्ला, तेही डिसेंबर-जानेवारीत. लोणावळ्याकडून चाल साधारण 15 किमी आहे पण बरीचशी सपाट, कर्जतजवळच्या कोंदिवड्याकडून अंतर कमी पण चढ दमवतो, तो दुसऱ्या वेळेला ठेवा. मुक्काम किल्ल्याखालच्या उधेवाडीत, गावात जेवणाची सोय होते तरी एक वेळचं पोरांनाच चूल मांडून करू द्या, भात करपला तरी चालेल, खरं शिकणं तिथंच होतं. सकाळी राजमाचीच्या दोन बालेकिल्ल्यांपैकी श्रीवर्धन, वेळ उरला तर दुसरा, मनरंजन. पावसाळ्यात मात्र एवढी लहान पोरं घेऊन नकोच, ओढे बघता बघता फुगतात. आणि टॉर्च प्रत्येकाकडे वेगळी हवी, मोबाइलच्या भरवशावर राहू नका.