जुन्या हस्तलिखितांपैकी कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून उतरवली, हे कॉम्प्युटरने कसं शोधतात?

चुकांवरून. समजा, दोन ओळी एकाच शब्दाने संपतात. लेखनिकाची नजर पहिलीवरून थेट दुसरीच्या शेवटावर घसरते आणि मधला मजकूर गळतो. आता त्याच्या प्रतीवरून जे उतरवतील, त्यांच्याकडेही तो मजकूर नसणार. शुद्धलेखनातले फरक मात्र फारसे कामाचे नाहीत, ते कुणाच्याही हातून होतात.

सगळ्या प्रती टाइप करून शब्दाखाली शब्द लावायचे, हेच सर्वात किचकट काम. पुढे जीवशास्त्रज्ञ डीएनएमधल्या बदलांवरून सजीवांचा वंशवृक्ष काढतात, तसलीच सॉफ्टवेअर वापरतात. इंग्रज कवी चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’ या जुन्या कथाकाव्यातल्या एका भागाच्या १५व्या शतकातल्या ५८ हस्तलिखितांवर केलेला असा प्रयोग १९९८ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात छापून आला होता.

पण झाडाचं मूळ कुठल्या टोकाला, हे प्रोग्रॅम सहसा आपणहून सांगत नाही. मूळ पाठ कोणता आणि चूक कोणती, हे भाषा जाणणाऱ्यानेच ठरवायचं. आणि खरी डोकेदुखी म्हणजे चोखंदळ लेखनिक! तो दोन प्रती समोर ठेवून तिसरी तयार करतो. मग फांद्या पुन्हा एकमेकींत मिसळतात आणि झाडाऐवजी जाळं काढावं लागतं.