भित्र्या मांजरीला डॉक्टरांकडे कसे न्यावे?

तुम्ही विचारले आहे की, तुमची तीन वर्षांची मांजर पिंजरा दिसताच पलंगाखाली जाऊन बसते, ओढून काढले तर ओरबाडते, दवाखान्यात पोहोचेपर्यंत लाळ गाळते आणि आत लघवी करते. या त्रासापायी यंदाची लसही राहून गेली आहे, तर काय करावे. आमच्या मनीची अवस्था अगदी हीच होती, म्हणून जे करून पाहिले आणि उपयोगी पडले तेच सांगते.

मनीला पहिल्यांदा नेले ते वेताच्या टोपलीत, वर ओढणी बांधून. दवाखान्याच्या बाकाशेजारी एक मोठा कुत्रा भुंकला, त्यासरशी ती गाठ सैल करून निसटली आणि औषधांच्या कपाटामागे शिरली. तिला तिथून काढायला पाऊण तास लागला. शेवटी मदतनिसाने मानेची कातडी धरून तिला बाहेर ओढले, आणि त्यानंतर दोन वर्षे, घरातच तर असते, तिला काय व्हायचे आहे, अशी स्वतःची समजूत घालून आम्ही तिला कुठेच नेले नाही. त्याचे भोग तिच्या वाट्याला आले. सुका जवळा खाताना ती मान एका बाजूला कलती करून चावत असे आणि ती तिची लकब आहे असे मी धरून चालले होते. प्रत्यक्षात दुसऱ्या बाजूच्या हिरड्या सुजून दोन दाढा निकामी झाल्या होत्या. त्या काढाव्या लागल्या. तेव्हा लस टाळू नका, पण त्याआधी चार-पाच आठवडे घरी तयारीला द्या, कारण ही भीती दवाखान्यात सुरू होत नाही, ती घरातच सुरू होते.

मांजर आपली जागा वासाने ओळखते. दाराच्या चौकटीला, टेबलाच्या पायाला गाल घासून ती तिथे स्वतःचा वास ठेवत असते. वर्षातून एकदा माळ्यावरून उतरणाऱ्या, धूळ आणि फिनेलचा वास येणाऱ्या पिंजऱ्यात तिचे असे काहीच नसते. म्हणून कॅरिअर कायमचे खाली आणा. घ्यायचे असेल तर कडक प्लास्टिकचे, ज्याचा वरचा अर्धा भाग खटके काढून वेगळा होतो असे घ्या. पुढे त्याचा फार उपयोग होतो.

आम्ही फक्त खालचा भाग गॅलरीत, जिथे मनी उन्हाला झोपते त्या कोपऱ्यात ठेवला आणि तिच्या वापरातल्या गोधडीचा तुकडा न धुता त्यात अंथरला. चार दिवस ती वळसा घालून गेली. पाचव्या दिवशी तिने मागचे दोन्ही पाय बाहेरच घट्ट रोवले, अंग रबरासारखे ताणले आणि आतला चिमूटभर जवळा टिपून घेतला. आठवडाभराने ती तिथे झोपू लागली. मग वरचा भाग बसवला, मग दार लावले आणि खाणे संपायच्या आत उघडले, मग उचलून स्वयंपाकघरापर्यंत नेले, मग जिना उतरून पुन्हा वर आणले. यात एकच खूण सांभाळायची: तिने खाणे थांबवले की आपण घाई केली असे समजावे आणि एक पायरी मागे यावे. जबरदस्तीने एकदा जरी कोंबले, तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

जाण्याच्या दिवशी तीन-चार तास आधी खाणे बंद ठेवा, म्हणजे वाटेत उलटी होत नाही. कॅरिअर नुसत्या मुठीला धरून झुलवत नेऊ नका, खालून दोन्ही हातांचा आधार द्या. रिक्षात ते मांडीवर घट्ट धरावे आणि वर पातळ सुती पंचा टाकावा, एका बाजूने हवा खेळती ठेवून. दिसणे बंद झाले की निम्मी धास्ती कमी होते.

तुमची मांजर लाळ गाळण्याइतकी घाबरते, तर डॉक्टरांना आधीच फोन करून भीती कमी करणाऱ्या गॅबापेंटिनविषयी अवश्य विचारा. हे औषध साधारणपणे निघण्यापूर्वी दोन-तीन तास देतात. ती पूर्ण भूल नव्हे, मांजर जागीच असते, मात्र काही तास तिचा तोल जातो, त्यामुळे तिला उंचावर चढू देऊ नये. मात्रा वजनावर आणि मूत्रपिंडाच्या स्थितीवर ठरते, म्हणून ती डॉक्टरांनीच ठरवावी. घरातली माणसांची कोणतीही गोळी देऊ नका. पॅरासिटामॉलच्या एका गोळीनेही मांजर दगावू शकते.

दवाखान्यात सकाळची पहिली वेळ मागून घ्या आणि नंबर येईपर्यंत शक्य तर बाहेरच थांबा. आत बसावे लागले तर कॅरिअर जमिनीवर ठेवू नका, खुर्चीवर ठेवा, कुत्र्यांकडे पाठ करून. तपासणीच्या वेळी तिला ओढून काढण्याऐवजी वरचा भाग सोडवा आणि खालच्या भागातच, अंगावर पंचा ठेवून तपासायची विनंती करा. मानेची कातडी धरून उचलण्याला आता मांजरांच्या तज्ज्ञांचाच विरोध आहे. अमेरिकेतील मांजरांच्या डॉक्टरांच्या संघटनेने इंटरनॅशनल सोसायटी ऑफ फेलाइन मेडिसिनसोबत २०२२ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचना तेच सांगतात. हे डॉक्टरांना नम्रपणे सांगण्यात काहीही गैर नाही, आणि ऐकून घेणारे डॉक्टर मिळेपर्यंत दोन-तीन ठिकाणी विचारपूस करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

भीतीचा परिणाम तपासण्यांवरही होतो. घाबरलेल्या मांजरीच्या रक्तातली साखर वाढते, इतकी की मधुमेहाची शंका यावी. मनीचे असेच झाले होते. डॉक्टरांनी लगेच औषध सुरू न करता फ्रुक्टोसामीन तपासले, ज्यात मागच्या साधारण दोन आठवड्यांतली साखर कळते, आणि ते ठीक निघाले. घरी येणारे डॉक्टर लसीपुरते सोयीचे, पण दात किंवा एक्स-रेसाठी दवाखाना टळत नाही.

काही प्रसंगी मात्र या तयारीची वाट पाहू नका. बोका पुन्हा पुन्हा लघवीला बसतो आहे आणि थेंबही येत नाही, मांजर तोंड उघडून धापा टाकते आहे, किंवा दिवसभर अन्नाला तोंड लावलेले नाही, तर पंच्यात गुंडाळून तशीच न्या. लघवी अडलेला बोका एक-दोन दिवसांत जाऊ शकतो.

परतल्यावर घरात दुसरे मांजर असेल तर ते तिच्यावर फिसकारेल, कारण तिच्या अंगाला दवाखान्याचा वास असतो. आमचा बोका आजही तसे करतो. दोघांना रात्रीपर्यंत वेगळ्या खोलीत ठेवा. आणि कॅरिअर माळ्यावर टाकू नका. गोधडी ओली झाली असेल तर धुऊन, तिच्या वासाचा दुसरा तुकडा अंथरून, त्याच संध्याकाळी ते गॅलरीतल्या कोपऱ्यात परत ठेवा आणि आत चिमूटभर जवळा टाका.