कागदावरची पंधरा मिनिटं

प्रिय,

मनोरुग्णालयात रुजू होऊन महिना झाला, तर आधी काय शिकू, असं तू विचारलंस. औषधं, डोस शिकशीलच. मी तुला निरीक्षणाच्या तक्त्याबद्दल सांगते.

स्वतःला इजा करून घेईल अशी भीती असलेल्या रुग्णाला दर पंधरा मिनिटांनी बघायचं आणि वेळ घालून सही करायची. माझ्या दुसऱ्या वर्षी एका नाइटला वॉर्डात आम्ही दोघीच. पहाटे चारला मी टेकले आणि दोनपासूनच्या खुणा एका बैठकीत ओढल्या. २.००, २.१५, २.३०. एकच पेन, एकच तिरपा हात. रुग्ण सुखरूप होता, माझं नशीब. सकाळी इन्चार्ज सिस्टरनी तक्ता पाहिला, खुर्ची ओढली आणि विचारलं, "काल किती जणी होतात?"

त्या ओरडल्या असत्या, तर पुढच्या वेळी मी दोन पेनं वापरली असती! त्यांनी रात्रीसाठी तिसरं माणूस मागून घेतलं. फेऱ्याही घड्याळाच्या ठोक्यावर घालू नका म्हणाल्या. पंधरा मिनिटांच्या आत, पण मागेपुढे. आपली वेळ रुग्णाला पाठ होते.

दुसरी गोष्ट आपल्याच वॉर्डांत जास्त घडते. क्लोझापीन हे स्किझोफ्रेनियावरचं औषध घेणारा रुग्ण "पोटात साप आहे" म्हणतो आणि आपण "भ्रम" लिहून मोकळे होतो. या औषधात रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजायचं सगळ्यांना आठवतं. शौचाला झालं का, हे विचारायचं राहून जातं. या औषधानं आतडी मंदावतात आणि दुर्लक्ष झालं तर जीवही जातो. लिथियम या मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधाचंही तसंच: हात जास्त थरथरायला लागले, उलट्या-जुलाब झाले, तर "नाटक करतोय" म्हणण्याआधी रक्तातली पातळी बघायला सांग. लिटरमागे १.५ मिलिमोलच्या वर गेली की विषबाधेची भीती. आणि चार दिवस शौचाला झालं नाही, हे बहुतेकदा आधी कळतं ते स्वच्छता करणाऱ्या मावशींना. पाळी बदलताना, हँडओव्हरला, त्यांना कोण विचारतं? तू विचार.

आज तुझी नाइट आहे ना? एखादी फेरी चुकली तर ती चौकट रिकामी राहू दे, शेजारी कारण लिही. सकाळी कुणी आवाज चढवला तर माझ्याकडे पाठव.

तुझी,
सिस्टर