ससेमिरा की जाळं?

प्रश्न: आमच्याकडे दोन पेपर येतात. परवा एकात एका नेत्यामागे 'ईडीचा ससेमिरा' होता आणि दुसऱ्यात तोच नेता 'ईडीच्या जाळ्यात'. प्रकरण एकच, मग खरं काय समजायचं?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर: गंमत म्हणजे दोन्ही पेपरांनी खोटं काहीच छापलेलं नाहीये. त्याला चौकशीला बोलावलं, बस एवढंच झालंय. पण 'ससेमिरा' वाचलं की बिचाऱ्याला उगाच छळतायत असं वाटतं आणि 'जाळ्यात' म्हटलं की मासा गावलाच, आता फक्त तळायचा बाकी.

टूजी मोबाइल स्पेक्ट्रम घोटाळ्याचंच घ्या ना. नोव्हेंबर 2010 मध्ये कॅगचा, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या संस्थेचा रिपोर्ट संसदेत आला, मोबाइल कंपन्यांना स्पेक्ट्रम (सिग्नलच्या लहरी) स्वस्तात दिल्याने सरकारचे किती पैसे बुडाले याचे त्यात वेगवेगळ्या पद्धतीने काढलेले आकडे होते, सगळ्यात कमी 57 हजार 666 कोटी आणि सगळ्यात जास्त 1 लाख 76 हजार 645 कोटी, आणि कॅगने स्वतःच त्याला 'अनुमानित' तोटा म्हटलं होतं. हेडलाइनीत गेला फक्त मोठा आकडा. 'अनुमानित' गळालं, 'तोटा'चा 'घोटाळा' झाला, आणि बघता बघता लोक असं बोलायला लागले जसं काही वाटपाच्या वेळचे दूरसंचार मंत्री ए. राजांनी पावणेदोन लाख कोटी पोत्यात भरून घरी नेले! सीबीआयने चार्जशीटमध्ये तोटा धरला होता साधारण 31 हजार कोटी, तो आज कुणाला आठवतो?

म्हणजे काही झालंच नव्हतं असं नाही हां. 2 फेब्रुवारी 2012 ला सुप्रीम कोर्टाने ते वाटप मनमानी ठरवून 122 लायसन्स रद्द केली होती. मग 21 डिसेंबर 2017 ला स्पेशल कोर्टाने राजा, द्रमुकच्या नेत्या कनिमोळी, सगळ्यांनाच सोडलं, आरोप सिद्ध करता आले नाहीत म्हणून. आता हाच निकाल 'क्लीन चिट' म्हणून छापता येतो, 'पुराव्याअभावी सुटले' म्हणून पण, आणि 'निर्दोष मुक्तता' म्हणूनही, ज्याला जे सोयीचं. (सीबीआयचं अपील दिल्ली हायकोर्टाने मार्च 2024 मध्ये दाखल करून घेतलंय, ती बातमी किती जणांनी वाचली असेल देव जाणे.)

तुम्ही एक करा, क्रियापदं बघा. आवडता नेता 'म्हणाला', नावडत्याने 'दावा केला', आणि फारच नावडता असेल तर तो 'कबूल करतो'. 'कथित' कुणाच्या घोटाळ्याला लागतं आणि कुणाच्या नाही तेही बघा. मला स्वतःला सगळ्यात जास्त चीड येते ती कर्ताच गायब करतात त्याची, 'गैरव्यवहार झाला', 'फाइल गहाळ झाली', अरे पण कुणी केली? फाइल काय पाय फुटून गेली? असं वाक्य दिसलं की समजा, नाव घ्यायची तरी हिंमत नाहीये नाहीतर इच्छा.

दोन पेपर येतायत ते बंद करू नका. फक्त शेवटचा पॅरा आधी वाचत जा, ज्याच्यावर आरोप आहे त्याची बाजू बहुतेक वेळा तिथेच कोंबलेली असते. आणि टीव्हीच्या पट्टीवर 'अमुक नेते गोत्यात?' असं प्रश्नचिन्ह दिसलं तर खुशाल चहा टाकायला उठा, त्यांच्याही हातात अजून काही आलेलं नसतं.