पूर्ण फेडलेलं कर्ज सिबिल रिपोर्टमध्ये अजून 'रिटन ऑफ' दिसतंय, काय करू?

तुम्ही लिहिलंय की पर्सनल लोनचे सगळे हप्ते भरून ते २०२१ मध्ये बंद केलं, तरी सिबिलच्या (कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीच्या) रिपोर्टमध्ये ते 'रिटन ऑफ' म्हणजे बुडीत दिसतंय, त्यामुळे गृहकर्जाचा अर्ज नाकारला गेला आणि आता एक एजंट पैसे घेऊन 'सिबिल साफ' करून देतो म्हणतोय. आधी एजंटचं सांगतो. त्याला एक रुपयाही देऊ नका. चुकीची नोंद दुरुस्त करायला सांगणं मोफत आहे. तो तुमच्याच नावाने तोच ऑनलाइन फॉर्म भरणार, आणि त्यासाठी तुमचं पॅन, आधार आणि ओटीपी मागणार. जी नोंद खरी आहे ती तो पुसू शकत नाही आणि जी खोटी आहे ती दुरुस्त करायला त्याची गरज नाही.

मी यातून गेलो आहे. एक क्रेडिट कार्ड मी बंद करायला सांगितलं होतं, बँकेचा 'विनंती मिळाली' असा ईमेलही आला होता. कार्ड बंद झालंच नाही. वार्षिक फी लागली, तिच्यावर व्याज, त्यावर लेट फी. दरम्यान माझा पत्ता बदललेला, त्यामुळे मला काहीच कळलं नाही. काही वर्षांनी कर्ज मागायला गेलो तेव्हा समोरच्या अधिकाऱ्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि विचारलं, "हे थकवलंय का तुम्ही?" आयुष्यात एक हप्ता न चुकवलेल्या माणसाला हा प्रश्न किती लागतो, ते तुम्हाला आत्ता वेगळं सांगायला नको.

घरी येऊन मी फक्त सिबिलच्या साइटवर डिस्प्यूट, म्हणजे नोंद चुकीची असल्याची तक्रार टाकली आणि थांबलो. उत्तर आलं: बँकेच्या म्हणण्यानुसार माहिती बरोबर आहे. विषय बंद. माझी चूक इथे झाली, आणि बहुतेकांची इथेच होते. सिबिल नोंद लिहीत नाही, फक्त सांभाळते. लिहिते बँक. सिबिलसारख्या क्रेडिट इन्फर्मेशन कंपन्यांसाठीच्या २००५ च्या कायद्यानुसार, कर्ज देणाऱ्या संस्थेने खात्री दिल्याशिवाय ही कंपनी आपल्या मनाने आकडा बदलू शकत नाही. तुमचा डिस्प्यूट ती बँकेकडे पाठवते, आणि बँकेतला कोणीतरी आपल्या सिस्टिममध्ये बघून 'बरोबर आहे' म्हणतो. सिस्टिममध्येच चूक असेल तर उत्तरही चुकीचंच येणार. म्हणून दोन्हीकडे एकाच दिवशी लिहा: सिबिलकडे डिस्प्यूट, आणि बँकेच्या तक्रार निवारण विभागाला कागदपत्रांसह ईमेल. शाखेत जरूर जा, पण तोंडी आश्वासनावर परत येऊ नका. मला शाखेत "कार्डाचं आमच्याकडे नसतं" असं तीनदा ऐकावं लागलं. बँकेच्या साइटवर नोडल अधिकाऱ्याचा (तक्रारींसाठी नेमलेल्या वरिष्ठ अधिकाऱ्याचा) पत्ता असतो, शेवटी तिथूनच हललं.

पण लिहिण्याआधी एक गोष्ट प्रामाणिकपणे तपासा. तुम्ही पूर्ण रक्कम भरली होती, की शेवटी बँकेशी बोलून कमी रकमेत तडजोड केली होती? तडजोड झाली असेल तर 'सेटल्ड' (कमी रकमेत मिटवलेलं) ही नोंद चूक नाही. उरलेली रक्कम भरून 'नो ड्यूज' (काही बाकी नाही) असं पत्र घेतल्याशिवाय ते खातं 'क्लोज्ड' होणार नाही. तसंच, मधले दोन-तीन हप्ते खरोखर उशिरा गेले असतील तर रिपोर्टमधल्या महिनावार तक्त्यात तेवढ्या दिवसांचा उशीर दिसणारच, त्यावर डिस्प्यूट टाकू नका. तुम्ही कोणाला जामीन राहिला असाल तर ते कर्जही तुमच्या रिपोर्टमध्ये येतं, तीही चूक नाही. खऱ्या आणि खोट्या नोंदींची एकत्र तक्रार केली की खरी तक्रार कमकुवत होते.

ईमेल छोटा ठेवा. मी पहिल्यांदा दोन पानं मनस्ताप लिहिला होता, त्याला उत्तर आलं नाही. दुसऱ्यांदा खाते क्रमांक, कंट्रोल नंबर (त्या रिपोर्टवर छापलेला क्रमांक) आणि नेमकं काय बदलायचं एवढंच लिहिलं. तुमच्या बाबतीत ते असं होईल: खात्याची स्थिती 'क्लोज्ड', शिल्लक शून्य, थकबाकी शून्य, रिटन ऑफ रक्कम शून्य, बंद झाल्याची तारीख अमुक. सोबत एनओसी (कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र), शेवटचा हप्ता दिसणारं लोन स्टेटमेंट आणि रिपोर्टचं ते पान. तक्रार क्रमांक मिळाल्याशिवाय तक्रार झाली असं समजू नका.

मुदत ३० दिवसांची आहे, आणि ती आता नुसती कागदावर नाही. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये काढलेला नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे: ३० दिवसांत तक्रार निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. बँकेने २१ दिवसांत दुरुस्त माहिती पाठवली नसेल तर भरपाई बँकेने द्यायची. बँकेने वेळेत पाठवूनही कंपनीने बदल केला नसेल तर कंपनीने. रक्कम मोठी नाही, पण ईमेलमध्ये या नियमाचा उल्लेख करा. तक्रार कधी आली याची तारीख मग तेही जपून ठेवतात. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे) ऑनलाइन तक्रार करता येते, तीही मोफत. सप्टेंबर २०२२ पासून क्रेडिट इन्फर्मेशन कंपन्याही लोकपालाच्या कक्षेत आहेत, त्यामुळे दोघांविरुद्ध जाता येतं.

आपण सगळे 'सिबिल' म्हणतो, पण अशा कंपन्या चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. एकीकडे दुरुस्त झालं म्हणून बाकी तिघींकडे आपोआप झालं असं धरून चालू नका. प्रत्येकीने वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट मोफत द्यायचा असतो. चारही काढा आणि तीच चूक जिथे दिसेल तिथे डिस्प्यूट टाका.

तोवर घाबरून आणखी चार बँकांकडे अर्ज करू नका. प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टमध्ये नोंदली जाते, आणि थोड्या दिवसांत ढीगभर चौकशा दिसल्या की पुढची बँक आणखी सावध होते. त्यापेक्षा ज्या बँकेने अर्ज नाकारला तिथल्या अधिकाऱ्याला एनओसी आणि तक्रार क्रमांक दाखवून, दुरुस्तीनंतर फाइल पुन्हा बघाल का, असं विचारा.

दुरुस्ती झाल्याचा मेसेज आला की नवा रिपोर्ट काढून जपून ठेवा, आणि दोन महिन्यांनी पुन्हा एकदा बघा. जानेवारी २०२५ पासून बँका या कंपन्यांना किमान दर पंधरवड्याला माहिती पाठवतात. बँकेच्या मूळ सिस्टिममध्ये खातं तसंच राहिलं असेल, तर पुढच्या फाइलबरोबर जुनी नोंद परत येऊ शकते. माझ्याकडे ती एकदा परत आली होती. त्या वेळी आधीचा तक्रार क्रमांक आणि दुरुस्त रिपोर्ट हाताशी होता, म्हणून आठवड्यात काम झालं.

एनओसी सापडत नसेल तर आजच बँकेकडे दुसऱ्या प्रतीचा लेखी अर्ज करा. ती हातात आल्यावर ईमेलचा मसुदा खाते क्रमांक झाकून इथे टाका, मी नजर टाकेन.